वाय-फायची जोडणी नेमकी कुठे अडते?

घरातले मोबाइल आणि टीव्ही वाय-फायवर व्यवस्थित चालत असताना एकटा लॅपटॉप जोडला जात नसेल, तर त्या निरीक्षणातच अर्धे निदान दडलेले असते. राउटर चालू आहे, बाहेरून येणारी इंटरनेटची लाइनही शाबूत आहे, तेव्हा दोष लॅपटॉपमध्ये किंवा लॅपटॉप आणि राउटर यांच्यातील संवादात शोधायला हवा. तरीही बहुतेक जण आधी राउटर बंद-चालू करतात, मग लॅपटॉप, आणि तेवढ्याने भागले नाही तर दिसेल ते सेटिंग बदलत सुटतात. हा मार्ग मला चुकीचा वाटतो, कारण वाय-फायची जोडणी काही ठरावीक टप्प्यांतून पूर्ण होते, त्यांपैकी कोणत्याही टप्प्यावर ती अडू शकते आणि प्रत्येक अडथळ्याचा उपाय वेगळा असतो.

पहिला टप्पा शोधाचा. राउटर साधारणपणे दर सेकंदाला दहा वेळा ‘बीकन’ नावाचा छोटा संदेश प्रसारित करतो आणि त्यात नेटवर्कचे नाव, सुरक्षेचा प्रकार अशी माहिती असते. लॅपटॉप एकेका चॅनेलवर, म्हणजे ठरावीक रेडिओ-वारंवारतेवर, क्षणभर थांबून हे संदेश टिपतो आणि त्यांवरून नावांची यादी बनवतो. या यादीत शेजाऱ्यांचीही नावे दिसत नसतील, तर पासवर्डचा विचार करण्यात अर्थ नाही. एअरप्लेन मोड चालू राहिला आहे का, वाय-फायचे बटण चुकून दाबले गेले आहे का आणि वाय-फाय कार्डाचा (वाय-फायचे संदेश घेणाऱ्या-पाठवणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, नीट बसला आहे का, एवढेच आधी पाहावे.

इतरांची नावे दिसतात, पण नेमके आपले दिसत नाही, ही स्थिती अधिक विचार करायला लावणारी आहे. जुन्या लॅपटॉपमधील कार्ड अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वारंवारता-पट्ट्यावर चालते, त्यामुळे राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही एक मेख आहे. बऱ्याच देशांत १ ते १३ क्रमांकाचे चॅनेल वापरता येतात, पण अमेरिकेत प्रत्यक्ष वापर ११ पर्यंतच मर्यादित असतो. एखाद्या लॅपटॉपचे कार्ड तिथल्या नियमांनुसार बसवलेले असेल आणि राउटरने आपोआप १२ किंवा १३ क्रमांक निवडला, तर मोबाइलला दिसणारे नेटवर्क त्या लॅपटॉपला दिसत नाही. राउटरवर चॅनेल १, ६ किंवा ११ कायम केला की हा प्रश्न मिटतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील काही चॅनेल रडारही वापरतात. अशा चॅनेलवर प्रसारण सुरू करण्यापूर्वी राउटरने किमान एक मिनिट नुसते ऐकत राहावे, असा नियम आहे. म्हणून राउटर नुकताच चालू केला असेल, तर नाव दिसत नाही म्हणून लगेच काही बदलू नये.

दुसरा टप्पा ओळख पटवण्याचा, आणि ‘पासवर्ड चुकीचा आहे’ या संदेशामुळे सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. घरगुती वाय-फायमध्ये पासवर्ड हवेतून पाठवला जातच नाही. २००४ पासून रूढ असलेल्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षा पद्धतीत पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र करून त्यांवर ४०९६ वेळा गणिती प्रक्रिया केली जाते आणि त्यातून २५६ बिटांची किल्ली तयार होते. मग दोन्ही बाजू एकमेकींना यादृच्छिक संख्या पाठवतात आणि आपल्याकडे तीच किल्ली असल्याचे चार संदेशांत सिद्ध करतात. एक अक्षर चुकले तरी किल्ली पूर्णपणे वेगळी बनते, त्यामुळे लॅपटॉपला चूक कुठे आहे हे सांगता येत नाही. पडताळणी फसली, एवढेच त्याला कळते. क्षीण सिग्नलमुळे त्या चारांपैकी एखादा संदेश हरवला तरी पडताळणी फसू शकते आणि काही वेळा बरोबर पासवर्डही चुकीचा ठरवला जातो. म्हणून पासवर्डबद्दल खात्री असेल, तर लॅपटॉप राउटरजवळ नेऊन पुन्हा प्रयत्न करावा. राउटरचा पासवर्ड बदलला पण नाव तेच ठेवले, तर लॅपटॉप जतन केलेला जुना पासवर्डच वापरत राहण्याची शक्यता असते. अशा वेळी ते नेटवर्क यादीतून ‘विसरायला’ लावून नव्याने जोडावे. राउटर २०१८ मध्ये आलेल्या केवळ डब्ल्यूपीए-३ या पद्धतीवर ठेवलेला असेल, तर ही पद्धत न येणारे जुने कार्ड जोडले जाणार नाही. राउटरमध्ये दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याची सोय असल्यास ती निवडावी. लॅपटॉप जोडला जावा म्हणून नेटवर्कचा पासवर्डच काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे.

ओळख पटल्यानंतर लॅपटॉप राउटरकडे आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील आपला क्रमांक, मागतो. ‘जोडले आहे, पण इंटरनेट नाही’ असे दिसत असेल, तर हा पत्ता तपासावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून उत्तर आलेले नाही आणि लॅपटॉपने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे, असे समजावे. पूर्वी दुसऱ्या ठिकाणच्या नेटवर्कसाठी हाताने भरलेला पत्ता तसाच राहिला, तरीही जोडणी इथेच थांबते. पत्ता आपोआप मिळवण्याचा पर्याय निवडला की ती पुढे सरकते. पत्ता योग्य असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर डीएनएसचे (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचे) सेटिंग आणि लॅपटॉपचे घड्याळ पाहावे. तारीख फार मागे गेली असेल, तर ब्राउझर संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध मानून ती उघडायला नकार देतो.

पडद्यावरील वाय-फायच्या चिन्हात दिसणाऱ्या सिग्नलच्या पट्ट्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. राउटरचा आवाज लॅपटॉपला किती स्पष्ट ऐकू येतो, एवढेच त्या दाखवतात. लॅपटॉपचा तुलनेने क्षीण आवाज राउटरपर्यंत पोहोचतो का, हे त्यांवरून कळत नाही. या शंकेसाठी आणि एकूणच कार्डाच्या तपासणीसाठी यूएसबीला लावायचे छोटे वाय-फाय अडॅप्टर उपयोगी पडते. त्यावर त्याच जागी जोडणी सुरळीत चालली, तर दोष आतल्या कार्डात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये किंवा अँटेनात आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये अँटेना पडद्याच्या चौकटीत असते आणि तिच्या बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात, म्हणून लॅपटॉप दुरुस्तीसाठी उघडल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर त्या तारांची टोके कार्डावर घट्ट बसली आहेत का, हे सर्वांत आधी तपासून घ्यावे.