वसंतातली परसबाग आणि रिकाम्या बरण्या, यामागचा इतिहास

वसंत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हिरवंगार, भरलेलं काहीतरी येतं. पण थंड प्रदेशातल्या घरांसाठी पूर्वी हाच काळ सगळ्यात ओढगस्तीचा असायचा. शरद ऋतूत तळघरात ठेवलेले बटाटे मऊ पडून कोंब फुटायला लागलेले, गाजरं सुरकुतलेली, मिठातला कोबी बुडाशी आलेला आणि बाहेर वाफ्यात नुकते दोन पानांचे अंकुर. ब्रिटनमधे एप्रिल-मेच्या या दिवसांना आजही हंग्री गॅप, म्हणजे भुकेची फट म्हणतात. मला वाटतं घरच्या बागेचा आणि साठवणीचा इतिहास इथूनच वाचायला हवा, कारण हल्ली आपण बागकाम हा एक छंद आणि बरण्या भरणं हा दुसरा छंद असं धरून चालतो, पण घर चालवणाऱ्या बाईसाठी ते एकच काम होतं आणि वसंतात किती ओळी मटार पेरायचा हे बरंचसं मागच्या वर्षीच्या कितव्या महिन्यात काय संपलं यावरून ठरायचं.

म्हणून तर वसंताच्या बागेत आधी झटपट येणारी पिकं दिसतात. मुळ्याच्या लहान जाती तीन-चार आठवड्यात काढायला येतात, पालक आणि मटार थंडी सोसतात, आणि रुबार्ब (आंबट देठांची भाजी) किंवा अ‍ॅस्परॅगस (कोवळ्या कोंबांची भाजी) तर दरवर्षी पेरावंच लागत नाही, जुन्या मुळातूनच वर येतं. दाट उगवलेली रोपं विरळ करताना जी कोवळी पानं हातात येतात तीसुद्धा टाकत नसत, कित्येक आठवड्यांनी ताटात काहीतरी ताजं यायचं ना!

साठवणीच्या पद्धती म्हणाल तर वाळवणं, खारवणं, धुरी देणं, आंबवणं आणि व्हिनेगरमधे घालणं या हजारो वर्षं जुन्या. पण बरणीतलं मटार हिरवट आणि मऊ राहून पुढच्या वसंतापर्यंत टिकणं ही गोष्ट तशी नवी आहे. निकोला अ‍ॅपेर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, त्या बाटल्या पाण्यात उकळायची पद्धत बसवली, आणि १८१० मधे फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, अट एवढीच की पद्धत छापून सगळ्यांना खुली करायची. त्याच वर्षी इंग्लंडमधे पीटर ड्युरंडने पत्र्याच्या डब्यांचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे हे का टिकतं ते तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं, ते लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या जंतूंवरच्या कामानंतर १८६० च्या दशकात उलगडलं.

घरोघरी हे पोचलं ते मात्र बरणीच्या झाकणामुळे. १८५८ मधे न्यूयॉर्कच्या जॉन लँडिस मेसनने आट्यांचं तोंड असलेल्या काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं आणि मेण-बूच यांची कटकट बरीच कमी झाली. तिकडे साखरही स्वस्त होत गेली, त्यामुळे जॅम हा श्रीमंतांचा पदार्थ राहिला नाही. पुढे १९१५ च्या सुमारास चपटी चकती आणि वेगळी रिंग असं दोन भागांचं झाकण आलं. बरणी गार होताना आत निर्वात पोकळी तयार होते आणि ती चकती मधोमध आत ओढली जाते, टक्क असा आवाज येतो, आणि मग बोटाने दाबून बघायचं, दबून परत वर आली तर ती बरणी टिकणार नाही, फ्रीजमधे ठेवून आधी संपवायची.

पण यात एक मोठा धोका होता आणि तो बरीच वर्षं कळलाच नव्हता. १८९५ मधे बेल्जियममधे खारवलेलं हॅम खाऊन माणसं गेली, आणि एमिल व्हॅन एर्मेंगेम या बेल्जियन शास्त्रज्ञाने त्यामागचा बोट्युलिझमचा, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा जंतू शोधून काढला. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानाला मरत नाहीत, हवा नसलेल्या आणि आंबटपणा कमी असलेल्या जागी तर ते मजेत वाढतात, म्हणजे नेमकी आपली मटाराची बरणी. १९१७ मधे अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा भाज्यांसाठी प्रेशर कॅनरच (वाफेच्या दाबाने बरण्या उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापवणारं भांडं) वापरा असं सांगितलं. ही शिफारस त्या सगळ्या इतिहासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तरी तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

मग युद्धं आली आणि परसबाग ही सरकारी मोहीम झाली. ब्रिटनमधे १९३९ पासून डिग फॉर व्हिक्टरी, म्हणजे विजयासाठी खणा ही मोहीम, लोकांनी हिरवळ खणून बटाटे लावले, आणि विमेन्स इन्स्टिट्यूट या महिला संघटनेच्या बायकांनी वाया जाणाऱ्या फळांचा जॅम करायची केंद्रं चालवली, त्यासाठी रेशनच्या काळातही सरकारने वेगळी साखर दिली. अमेरिकेत अशा सुमारे २ कोटी बागा झाल्याचा अंदाज आहे, आणि देशातल्या भाज्यांचा ४० टक्क्यांच्या आसपास वाटा त्यांचा होता म्हणतात. युद्ध संपलं, फ्रीझर आणि दुकानातले डबे स्वस्त झाले, तशा यातल्या बऱ्याच बागा परत हिरवळी झाल्या.

आता पुन्हा लोक वसंतात वाफे करतायत, बरण्या काढतायत, मनापासून छान वाटतं बघून. फक्त जुन्या वहीतली कृती आहे तशी उचलू नका. गरम मिश्रण बरणीत ओतून नुसतं झाकण लावायचं, पाण्यात उकळायचं नाही, ही पद्धत आता कोणी सुचवत नाही. टोमॅटोचा आंबटपणा जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतो, म्हणून साधारण अर्ध्या लिटरच्या बरणीला १ टेबलस्पून लिंबाचा रस घालायला सांगतात, तोही बाटलीतला, कारण त्याचा आंबटपणा ठरलेला असतो. आणि बरण्या, रिंगा वर्षानुवर्षं चालतात पण चकत्या दरवेळी नव्याच घ्यायच्या, त्यावरचा सीलचा थर एकदाच नीट बसतो.