जनसुनावणी

जनसुनावणी : सरकारी कामांचे हिशेब ज्यांच्या नावावर लिहिले गेले, त्याच लोकांसमोर ते मोठ्याने वाचून दाखवण्याची आणि खरे-खोटे तिथल्या तिथे पडताळण्याची नागरिकांनी घडवलेली पद्धत. पर्यावरण मंजुरीपूर्वी प्रकल्पग्रस्तांचे म्हणणे ऐकण्यासाठी प्रशासन घेते त्या सुनावणीलाही हेच नाव आहे, पण ती गोष्ट वेगळी. इथे ज्या जनसुनावणीचा विचार केला आहे, तिचा जन्म राजस्थानातील मजुरांच्या लढ्यातून झाला. माहितीचा अधिकार आणि सामाजिक अंकेक्षण (सरकारी कामांचा हिशेब लोकांनीच तपासणे) या दोन्हींची मुळे तिच्यात आहेत.

महाराष्ट्राला चावडी वाचन परिचित आहे. सातबारा उतारे किंवा शिधापत्रिकाधारकांच्या याद्या गावासमोर वाचल्या जातात. फरक एवढाच, की चावडी वाचनात कर्मचारी वाचतो आणि गाव ऐकते. जनसुनावणीत कागदावर ज्याचे नाव आहे तो उठून उभा राहतो आणि बोलतो. पुढारी प्रामाणिक असावेत, असे सगळेच म्हणतात. तो प्रामाणिकपणा तपासायचा कसा, याचे साध्या माणसाच्या हातात येणारे उत्तर या पद्धतीने दिले.

उगम

१९८७ मध्ये अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंग राजस्थानातील देवडूंगरी या लहानशा गावात राहायला आले. रॉय यांनी १९७० च्या दशकातच भारतीय प्रशासन सेवेचा राजीनामा दिला होता. या भागात पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू, त्यामुळे दुष्काळी कामांवरची मजुरी हाच अनेक घरांचा आधार होता. ती मजुरी पूर्ण मिळत नसे. विचारले तर ‘मोजमापात तुमचे काम कमी भरले’ असे उत्तर मिळे. मग मोजमाप दाखवा, हजेरीपट दाखवा, अशी मागणी झाली, की ‘ते सरकारी दप्तर आहे, गोपनीय आहे’ असे सांगून वाट बंद केली जाई. १९२३ च्या गोपनीयता कायद्याची सावली अशी थेट खडी फोडणाऱ्या बाईच्या रोजंदारीवर पडलेली होती.

१ मे १९९० रोजी भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. किमान वेतनासाठी धरणे आणि उपोषणे झाली, काही थोडे मिळालेही. पण भांडणाची गाठ पैशात नसून कागदात आहे, हे या वर्षांत कार्यकर्त्यांना आणि मजुरांना कळून चुकले. कागद हाती नसेल तर मजूर खोटा आणि बाबू खरा. माहितीच्या अधिकाराचा उगम सांगताना वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि न्यायालयीन निकाल यांचा उल्लेख नेहमी होतो, तो योग्यच आहे. पण भारतात या मागणीला बळ मिळाले ते मजुरीच्या हिशेबातून, आणि तेही अक्षरओळख नसलेल्या माणसांकडून. हे श्रेय त्यांना पूर्णपणे द्यायला हवे.

पहिली जनसुनावणी २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे झाली. त्याच महिन्यात भीम आणि विजयपुरा येथे, तर १९९५ मध्ये जवाजा आणि ठाणा येथे सुनावण्या झाल्या. सुरुवातीचे कागद सहानुभूती असलेल्या अधिकाऱ्यांकडून मिळाले होते. पुढे हे लोण पसरताच गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी कागद दाखवायला कडाडून विरोध केला.

सुनावणी कशी चालते

मोकळ्या जागेत मांडव पडतो. व्यासपीठावर गावाबाहेरची तटस्थ माणसे बसतात: पत्रकार, वकील, शिक्षक, निवृत्त अधिकारी. सरपंच, ग्रामसेवक, अभियंता यांनाही रीतसर निमंत्रण असते, कारण त्यांची बाजू ऐकल्याशिवाय सुनावणी पुरी होत नाही. खरे काम मात्र आधीच्या काही आठवड्यांत झालेले असते. हजेरीपट, बिले, पावत्या, मोजमाप पुस्तिका यांच्या नकला घेऊन कार्यकर्ते घरोघर फिरतात, बंधाऱ्यावर जाऊन टेप लावतात, सिमेंटची पोती ज्या दुकानाच्या नावावर आहेत ते दुकान आहे का हे पाहतात.

मग वाचन सुरू होते. कामाचे नाव, तारीख, दिवस, रक्कम, आणि शेवटी एकेकाचे नाव. नाव पुकारल्यावर बाई पदर सावरत माइकपाशी येते. या कामावर तुम्ही बारा दिवस होता का? तिने तिथे पाऊलही ठेवलेले नसते. समोर अंगठा दाखवला जातो, तो तिचा नसतो. पुढचे नाव वाचले जाते आणि मांडवात कुजबुज उठते, कारण तो माणूस वारलेला असतो. तिसरा पोटासाठी कधीच परमुलखात गेलेला असतो. छत नाही, दारे नाहीत अशी इमारत कागदावर ‘पूर्ण’ झालेली असते. सगळ्यांना ठाऊक असलेले पण कोणी मोठ्याने न बोललेले असे एकदा आकड्यांसह चारचौघांत बोलले गेले, की ते परत गिळता येत नाही. जनसुनावणीची ताकद या क्षणात आहे.

ही न्यायसभा नव्हे. शिक्षा देण्याचा अधिकार तिला नाही. नोंदलेली विधाने आणि कागद पुढे प्रशासनाकडे, गरज पडल्यास पोलिसांकडे जातात. पारदर्शकता, उत्तरदायित्व, सामाजिक अंकेक्षण आणि लुबाडलेल्या रकमेची भरपाई या मागण्या सुरुवातीपासून तिच्यासोबत होत्या. जानेवारी १९९८ मध्ये कुकरखेडा येथे सरपंचांनी १ लाख रुपये परत करण्याचे सर्वांसमक्ष मान्य केले. एप्रिल २००१ मध्ये राजसमंद जिल्ह्यातील जनावद पंचायतीच्या सुनावणीत अनेक कामे निव्वळ कागदावरच असल्याचे उघड झाले. त्या पंचायतीचे कागद मिळवण्यासाठी लोकांना दीर्घकाळ झगडावे लागले होते.

शहरातही हा प्रयोग झाला. दिल्लीच्या सुंदर नगरीत डिसेंबर २००२ मध्ये ‘परिवर्तन’ या संस्थेने महापालिकेच्या ६८ कामांची सुनावणी घेतली. सुमारे १ कोटी ३० लाखांच्या कामांपैकी सुमारे ७० लाखांची कामे जागेवर सापडली नाहीत. गल्लीतल्या माणसाला गटारावर झाकण आहे की नाही हे सांगायला अभियंता लागत नाही, हे तिथे दिसले.

कायद्यापर्यंतचा प्रवास

एप्रिल १९९५ मध्ये राजस्थानचे मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी कामांच्या कागदांच्या नकला लोकांना देण्याची घोषणा केली. वर्ष सरले तरी आदेश निघाला नाही. म्हणून ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावरच्या चांग गेटजवळ धरणे सुरू झाले आणि ४० दिवस चालले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथून देशभर गेली. आपण भिक्षा मागत नाही, आपल्याच पैशाचा हिशेब मागतो आहोत, हा आत्मसन्मान त्या चार शब्दांत आहे. १९९७ मध्ये जयपूरला ५३ दिवसांचे धरणे झाले.

पुढे राज्याराज्यांत कायदे होऊ लागले. तमिळनाडू आणि गोव्याने १९९७ मध्ये, राजस्थानने २००० मध्ये कायदा केला. महाराष्ट्रातही २००० मध्ये कायदा झाला, पण तो तोकडा होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यानंतर अधिक सक्षम कायदा आला. केंद्राचा माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. ३० दिवसांत माहिती आणि दिरंगाईबद्दल अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड, ही त्यातील तरतूद मोलाची. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने सामाजिक अंकेक्षणाचे काम ग्रामसभेकडे दिले आणि हजेरीपट, बिले, मोजमाप पुस्तिका तिच्यासमोर ठेवणे बंधनकारक केले. आंध्र प्रदेशाने २००९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था उभारली आणि मजूर कुटुंबांतील तरुणांना पडताळणीचे प्रशिक्षण दिले. मेघालयाने २०१७ मध्ये सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, असे करणारे ते पहिले राज्य.

सत्तेवर येऊ पाहणाऱ्याने आधी स्वतःचा कागद लोकांसमोर ठेवावा, हा विचार निवडणुकीतही आला. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या याचिकेतून सुरू झालेल्या लढ्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये निर्णय दिला. तेव्हापासून उमेदवाराला गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता आणि शिक्षण यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

मर्यादा

सरकारी खात्याने उरकलेले अंकेक्षण आणि लोकांनी घडवलेली जनसुनावणी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ठरावाच्या वहीत सह्या होतात, फोटो निघतो, सभा संपते. अफरातफर सिद्ध झाली तरी वसुली फार थोडी होते, आणि लोकांचा विश्वास नेमका तिथे ढासळतो. त्याहून गंभीर प्रश्न जिवाचा आहे. माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झाले, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत काहींचे खून झाले. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अंमलात आणला गेला नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील व्यक्तिगत माहितीविषयीचे कलम बदलले. नावानिशी वाचता येणारा हजेरीपट हाच जनसुनावणीचा पाया असल्याने या बदलाला कार्यकर्त्यांचा तीव्र विरोध आहे.

संगणकीकरणाने पेच नवा झाला. राजस्थानने सप्टेंबर २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू केले, त्यामागे मजदूर किसान शक्ती संघटनेचाच पाठपुरावा होता. पण पडद्यावरची यादी वाचायला फोन, नेटवर्क आणि अक्षरओळख तिन्ही लागतात. म्हणून काही गावांत भिंतीवर याद्या रंगवण्याचा जुना उपाय टिकून राहिला: मजुराचे नाव, कामाचे दिवस, मिळालेली रक्कम, पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याने जाणाऱ्याला दिसतील अशा ठळक अक्षरांत. ज्याला वाचता येत नाही तो शाळेतून येणाऱ्या पोराला थांबवतो आणि आपले नाव कुठे आहे ते विचारतो.