ठिणगीपासून स्पीडलाइटपर्यंत : उसळत्या थेंबाच्या छायाचित्रणाची पार्श्वभूमी

ताटातल्या दुधावर किंवा रंगीत पाण्यावर थेंब सोडून त्यातून उसळणारा मुकुट घरच्या घरी टिपायचा, तर कॅमेऱ्याचे शटर फार वेगवान असले पाहिजे, असा समज नवख्या छायाचित्रकारांमध्ये हमखास आढळतो. प्रत्यक्षात या प्रकारच्या छायाचित्रणात शटरला दुय्यम स्थान आहे. खोली पुरेशी अंधारी असेल, तर शटर सेकंदभर उघडे राहिले तरी बिघडत नाही, कारण प्रकाश जेवढा वेळ चमकतो तेवढाच वेळ चित्रात उतरतो. ३० सेंटिमीटरवरून पडणारा थेंब पृष्ठभागापाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर असतो. म्हणजे एक हजारांश सेकंदातही तो २.४ मिलिमीटर सरकतो आणि, मुळात तो काही मिलिमीटरचाच असल्यामुळे, चित्रात फराटा उमटतो. त्यामुळे या विषयाचा इतिहास पाहायचा, तर कमीत कमी काळ चमकणारा प्रकाश माणसाने कसकसा मिळवला आणि तो नेमक्या क्षणी कसा पाडला, हे पाहावे लागते.

पहिली पायरी थेंबाशी संबंधित नव्हती. १८५१ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत, छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी वेगाने फिरणाऱ्या चाकावर छापील कागद लावला, लायडन जार या वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीतली वीज एका ठिणगीत मोकळी केली आणि त्या उजेडात कागदाचे छायाचित्र घेतले. तंत्राचा गाभा तिथेच सिद्ध झाला. १८८० च्या दशकात एर्न्स्ट माख आणि पीटर साल्चर या भौतिकशास्त्रज्ञांनी याच मार्गाने बंदुकीच्या गोळीपुढची हवेतली लाट टिपली.

थेंबाचा पाठपुरावा मात्र आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने केला, आणि या सगळ्या इतिहासात त्यांचेच काम मला सर्वांत मोलाचे वाटते. १८७० च्या दशकात त्यांनी सुरुवात केली तेव्हा इतक्या अल्प प्रकाशात चित्र उमटवण्याइतक्या संवेदनशील काचा (फिल्मच्या आधी वापरात असलेल्या, रसायन लावलेल्या छायाचित्रणाच्या पट्ट्या) हाताशी नव्हत्या. म्हणून ते अंधारात थेंब पाडत, विजेच्या ठिणगीने क्षणभर उजेड करत आणि डोळ्यांत जे उरले ते लगेच कागदावर रेखाटत. ठिणगी योग्य क्षणी पडावी यासाठी त्यांनी थेंबाबरोबरच एक लहान गोळा सोडण्याची व्यवस्था केली होती. विद्युतचुंबकाचा प्रवाह तोडताच दोन्ही एकदम सुटत, गोळा खाली आपटला की ठिणगी पडे, आणि गोळ्याची उंची थोडी बदलली की थेंबाच्या पुढच्या अवस्थेचे दर्शन होई. अर्थात दर वेळी थेंब वेगळा असे. एकाच थेंबाची सलग कहाणी म्हणून जी चित्रमालिका लोकांपुढे आली, ती अनेक थेंबांवरून जुळवलेली होती.

१८९४ च्या सुमारास त्यांना अशा ठिणगीने, तीन दशलक्षांश सेकंदाहूनही कमी काळात, प्रत्यक्ष छायाचित्रे घेता आली आणि जुन्या रेखाटनांमधला दोष उघड झाला. हाताने काढलेले मुकुट कसे सुबक आणि सर्व बाजूंनी सारखे होते. काचेवर उमटलेले मुकुट मात्र एका अंगाला झुकलेले, काही टोके तुटलेली, काही जोडली गेलेली असे होते. आपल्या मूळ टिपणांत वेडेवाकडे आकार नोंदलेले असूनही मालिका जुळवताना आपण ते बाजूला ठेवत गेलो, हे वर्दिंग्टन यांनी स्वतःच छापून मान्य केले. थेंब पडल्यावर खड्ड्याच्या मध्यातून वर उठणाऱ्या पाण्याच्या खांबाला आज ‘वर्दिंग्टन जेट’ म्हणतात. त्यांचा शिंतोड्यांवरचा ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढचे नाव अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातले अभियंते हॅरल्ड एजर्टन यांचे. विद्युत मोटरी चालू असताना त्यांचे वर्तन अभ्यासण्यासाठी त्यांनी लुकलुकणारा दिवा, म्हणजे स्ट्रोबोस्कोप, वापरला आणि १९३० च्या दशकात तोच दिवा दुधाच्या थेंबांकडे वळवला. वायूने भरलेल्या नळीतून कपॅसिटरमधली (वीज साठवणाऱ्या घटकातली) वीज एकदम सोडण्याची ही रीत ठिणगीपेक्षा अधिक उजेड देणारी आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी होती. तोवर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार वापरत ते एकदा जळून जाणारे फ्लॅशबल्ब उजेड भरपूर देत, पण थेंबासाठी ते फारच रेंगाळत. एजर्टन यांचे दुधाच्या मुकुटाचे चित्र १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील प्रदर्शनात लागले. लाल पार्श्वभूमीवरचा प्रसिद्ध रंगीत मुकुट त्यानंतर वीस वर्षांनी, १९५७ मध्ये साधला.

हे तंत्र घरात आले ते एका वेगळ्याच सोयीच्या मागून. कॅमेऱ्यावर बसणारे सुरुवातीचे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश दर वेळी कपॅसिटर पूर्ण रिकामा करत. नंतर थायरिस्टर (प्रवाह झटकन चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक घटक) असलेल्या फ्लॅशनी पुरेसा उजेड झाल्यावर प्रवाह मध्येच तोडायला सुरुवात केली. हेतू विजेची बचत आणि अचूक उजेड हा होता. मात्र शक्ती जितकी कमी ठेवावी तितकी चमक आखूड होते, हा त्याचा आनुषंगिक परिणाम थेंब टिपणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. पूर्ण शक्तीवर साधारण एक हजारांश सेकंद चमकणारा चांगला स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा असा फ्लॅश, १/१२८ शक्तीवर सेकंदाच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागापुरताच चमकतो, आणि तेवढ्या वेळात वरच्या उदाहरणातला थेंब जेमतेम ०.०६ मिलिमीटर सरकतो. उजेड तुटपुंजा पडतो, म्हणून फ्लॅश जवळ आणावा लागतो किंवा दोन-तीन एकत्र लावावे लागतात.

उरला प्रश्न क्षण पकडण्याचा. फिल्मच्या काळात प्रत्येक हुकलेल्या थेंबाची किंमत मोजावी लागे. २००३ मध्ये कॅनन ईओएस ३००डी सारखे तुलनेने स्वस्त डिजिटल एसएलआर आल्यावर चित्र तत्काळ पाहून वेळ सुधारणे शक्य झाले. २००५ मध्ये इटलीत सुरू झालेल्या आर्डुइनो या स्वस्त, प्रोग्रॅम करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीमुळे तर थेंबाने प्रकाशझोत तोडताच काही मिलिसेकंद थांबून फ्लॅश पेटवणारे विद्युत मंडल (सर्किट) हौशी माणूसही जोडू लागला. वर्दिंग्टन यांचा गोळा जे काम करत होता, तेच हे. त्यात सोलेनॉइड झडपेची, म्हणजे विजेने उघडून ठरावीक वेळी थेंब सोडणाऱ्या झडपेची, भर पडल्यावर एका थेंबाच्या जेटवर दुसरा थेंब पाडून छत्रीसारखा आकार काढणे हा वेगळा उपप्रकारच तयार झाला, आणि आकार लवकर फुटू नये म्हणून पाण्याला दाटपणा देणारा झँथन गम किंवा ग्लिसरीन त्यात मिसळले जाऊ लागले. अर्थात यातून अगदी समतोल मुकुटाचा ध्यास पुन्हा बळावला आहे, आणि शेकडो चित्रांतून सर्वांत सुबक तेवढे निवडून दाखवणारा आजचा हौशी छायाचित्रकार नकळत १८९४ पूर्वीच्या वर्दिंग्टन यांच्याच वाटेने जातो आहे.

मोबाइल या बाबतीत अजून मागे आहे. त्यातला एलईडी स्पीडलाइटसारखी क्षणिक, प्रखर चमक देत नाही आणि बहुतेक सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतात, म्हणून वेगाने हलणारा आकार वाकडा उमटू शकतो. त्यामुळे स्लो मोशनमध्ये थेंबाची हालचाल समजते, परंतु छापण्याजोगा स्पष्ट मुकुट हवा असेल, तर शक्ती हाताने कमी करता येणारा जुना स्पीडलाइट विकत घेणे आजही अधिक उपयोगाचे ठरते.