शिवराज पाटील चाकूरकर : युद्ध, दहशतवाद व परराष्ट्र धोरणविषयक भूमिका

लातूर जिल्ह्यातील चाकूर येथे १२ ऑक्टोबर १९३५ रोजी जन्मलेले शिवराज पाटील १९८० पासून सलग सात वेळा लातूरमधून लोकसभेवर निवडून आले. संरक्षण राज्यमंत्री, लोकसभेचे अध्यक्ष आणि केंद्रीय गृहमंत्री अशा तीन नात्यांनी देशाच्या सुरक्षेचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. राज्यसंस्थेला बळ वापरावे लागते, पण ते घटनेने आखलेल्या अधिकारांत राहून आणि संसदेला जाब देऊनच, हे त्यांच्या भूमिकेचे सूत्र सांगता येते.

त्यांच्या पिढीच्या मराठवाड्याने युद्ध पेपरातून वाचलेले नव्हते. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्ग, उमरगा या वाटेने हैदराबादकडे सरकल्या, तर निजाम सरकारने आपले गाऱ्हाणे थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे नेले. दहशत, लष्करी कारवाई आणि आंतरराष्ट्रीय राजकारण एकाच वेळी दारात आलेला हा प्रदेश आहे.

इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात १९८० नंतर पाटील संरक्षण राज्यमंत्री झाले. मात्र त्यांचे टिकाऊ काम लोकसभेच्या अध्यक्षपदावरचे (१९९१–९६). संरक्षण किंवा परराष्ट्र खात्याच्या खर्चाच्या मागण्या अनेकदा वेळेअभावी चर्चेविनाच मताला टाकल्या जात. १९९३ मध्ये खात्यांशी निगडित १७ स्थायी समित्या स्थापन झाल्या. प्रत्येकीत लोकसभेचे ३० आणि राज्यसभेचे १५ सदस्य असत. संरक्षण, परराष्ट्र आणि गृह या खात्यांचे अंदाजपत्रक ओळीओळीने तपासण्याची सोय साध्या खासदाराला मिळाली ती यामुळे. पाटलांच्या कारकिर्दीतील हा भाग फारसा बोलला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ते अध्यक्ष असतानाच २२ फेब्रुवारी १९९४ रोजी संसदेने काश्मीरविषयक ठराव एकमताने संमत केला. जम्मू-काश्मीर भारताचा अविभाज्य भाग होता, आहे आणि राहील, तसेच पाकिस्तानने बळकावलेला प्रदेश रिकामा करावा, असे त्यात म्हटले आहे. पंतप्रधान नरसिंह राव जुन्या हैदराबाद संस्थानातले, तर गृहमंत्री शंकरराव चव्हाण पैठणचे. तो ठराव झाला तेव्हा महत्त्वाच्या तिन्ही जागी निजामाच्या राजवटीत वाढलेली माणसे होती.

२००४ मध्ये लातूरकरांनी त्यांना हरवले, तरीही राज्यसभेमार्गे ते गृहमंत्री झाले. त्याच वर्षी सरकारने पोटा हा कठोर दहशतवादविरोधी कायदा रद्द केला. दहशतवादी कृत्याची व्याख्या, संघटनांवरील बंदी आणि पैशाच्या पुरवठ्याविषयीच्या तरतुदी यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक) कायद्यात आणल्या गेल्या. पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा मानण्याची पोटातील तरतूद मात्र गाळली. पोटाचा गैरवापर झाला आणि निराळ्या कठोर कायद्याची गरज नाही, असे पाटील मांडत राहिले. कायदा व सुव्यवस्था हा राज्यांचा विषय असल्याने केंद्रीय तपास यंत्रणेला राज्यांची संमती हवी, यावरही त्यांचा भर होता.

घटनेच्या दृष्टीने हे म्हणणे बिनतोड होते. पण ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, आणि २००८ मध्ये जयपूर, अहमदाबाद, दिल्ली अशी रांगच लागली. १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांनंतर एका संध्याकाळी त्यांनी कपडे किती वेळा बदलले यावर वाहिन्यांनी रान उठवले. ती टीका उथळ होती. खरा प्रश्न यंत्रणेच्या वेगाचा होता, आणि तो २६ नोव्हेंबरला मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात उघडा पडला. एनएसजी या केंद्राच्या दहशतवादविरोधी दलाचे कमांडो मानेसरहून दिल्लीला आणि तिथून विमानाने मुंबईला येईपर्यंत मोलाचे तास गेले. ३० नोव्हेंबरला पाटलांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणा (एनआयए) उभारणारा कायदा केला व यूएपीएतील जामिनाच्या अटी कडक केल्या. राज्यांच्या संमतीविना तपास हाती घेण्याचा अधिकार केंद्राला मिळाला.

युद्धाच्या नैतिक बाजूविषयी ते उशिरा, ऑक्टोबर २०२२ मध्ये, उघडपणे बोलले. हेतू शुद्ध असूनही समोरच्याला ते पटत नसेल तर बळ वापरावे लागते, ही जिहादची कल्पना कुराणाप्रमाणे गीतेतही आहे, असे त्यांनी दिल्लीतील एका पुस्तक प्रकाशनात सांगितले. त्यावर मोठा वाद झाला. त्यांच्या काँग्रेस पक्षानेही हे विधान अमान्य केले, आणि पाटलांना खुलासा करावा लागला.