बंपर जाड केला म्हणून ट्रेलर ओढता येत नाही

व्हॅनच्या मागच्या बंपरला आतून जाड पट्टी वेल्ड केली की त्यावर हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, बसवून हवा तो ट्रेलर ओढता येतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पट्टीने बंपर कडक होतो, हे खरं. पण तो ज्या ब्रॅकेटवर टांगलेला असतो त्यांचं काय? अनेक व्हॅनमध्ये ती पातळ पत्र्याची असतात, आणि मुद्दामच. मागून धडक बसली तर आधी ती चेपावीत म्हणून. ओढ शेवटी तिथेच येते. वर पट्टीचं वजनही त्यांच्याच गळ्यात!

शिवाय हिचवर नुसती ओढ नसते. ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर खाली दाबतो; १००० किलोच्या ट्रेलरचा १०० ते १५० किलो. खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर त्याहून जास्त.

म्हणून हिच चॅसिसच्या दोन्ही लांब बीमना बोल्ट करतात, वेगळी चॅसिस नसेल तर फ्लोअरखालच्या पोकळ रेलना. इथे एक बारकावा बरेच जण विसरतात. पोकळ रेलमधून आरपार बोल्ट घालून करकचून आवळला तर रेल चेपते आणि बोल्ट पुढे सैल पडतो. आत रेलच्या रुंदीइतकी नळी, म्हणजे स्पेसर, घालावाच लागतो.

एवढं करूनही गाडीची ओढण्याची मर्यादा वाढत नाही. ती ब्रेक, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल यांवर ठरते आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. हिचवर छापलेला आकडा त्याहून मोठा असला, तरी धरायचा लहानच.