व्हिओलेत्ताचा त्याग मिमीच्या नावावर घालू नका

पॅरिस शहर, क्षयानं खंगत चाललेली तरुणी, तिच्यावर जीव टाकणारा प्रियकर, मध्येच ताटातूट, शेवटच्या अंकात पुन्हा भेट आणि पाठोपाठ तिचा मृत्यू. या वर्णनात ‘ला त्राव्हियाता’ही बसतो आणि ‘ला बोएम’ही. म्हणून लोक दोन्ही ऑपेरांबद्दल एकाच दमात बोलतात. ‘मिमीनं प्रियकरासाठी केवढा त्याग केला’ हे वाक्य तर इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते दिसलं की चीड येते. प्रियकराच्या घरासाठी स्वतःचं सुख सोडते ती ‘त्राव्हियाता’ची नायिका व्हिओलेत्ता. ‘बोएम’च्या नायिकेची, मिमीची गोष्टच निराळी.

किरकोळ फरक आधी उरकून टाकू. ‘त्राव्हियाता’ इटालियन संगीतकार व्हेर्दीचा, व्हेनिसमध्ये १८५३ साली पहिल्यांदा झाला आणि त्या रात्री साफ पडला. ‘बोएम’ त्याच्यानंतरच्या पुच्चिनीचा, तोरिनोमध्ये १८९६ साली, तोस्कानिनीच्या संचालनाखाली. व्हिओलेत्ता श्रीमंतांच्या मेजवान्यांत वावरणारी गणिका, मिमी कापडावर फुलं भरून पोट भरणारी मुलगी. मिमीला झगमगीत गणिकेसारखी सजवणारे दिग्दर्शक मला अजिबात पटत नाहीत.

खरी गल्लत होते ती ताटातुटीत. कोण कोणाला सोडतं, का सोडतं, आणि मुख्य म्हणजे खरं कारण कोणाला ठाऊक असतं?

‘त्राव्हियाता’ बहुतेकांना माहीत असतो, निदान त्यातलं मद्याचं गाणं तरी. दुसऱ्या अंकात तिच्या प्रियकराचा, आल्फ्रेदोचा बाप येतो. मुलाच्या या संबंधामुळे मुलीचं लग्न अडलंय, तू बाजूला हो, असं सांगतो. व्हिओलेत्ता रडते, भांडते आणि शेवटी कबूल होते. आल्फ्रेदोला कारण कळू द्यायचं नाही, म्हणून ती त्याच्या नजरेत स्वतःला बेइमान ठरवून घेते. तो भर मेजवानीत जुगारात जिंकलेले पैसे तिच्यापुढे फेकतो, तरी ती तोंड उघडत नाही. म्हणजे इथे घाव बाहेरून येतो, आणि सत्य लपवलं जातं ते प्रियकरापासून.

आता ‘बोएम’चा तिसरा अंक पाहा. फेब्रुवारीतली पहाट, शहराच्या वेशीवरचा जकातनाका, बर्फ. बाप नाही, समाज नाही, कोणी मध्ये पडलेलं नाही. मिमीचा प्रियकर रोदोल्फो मित्राला सांगतो की मिमी नखरेल आहे, म्हणून मी तिला सोडतोय. मित्राला ते पटत नाही. तेव्हा खरं बाहेर येतं: ती फार आजारी आहे, माझ्या खोलीत विस्तव नाही, वारा आत घुसतो, आणि तिला वाचवायला नुसतं प्रेम पुरणार नाही. हे सगळं मिमी आडोशाला उभी राहून ऐकते. आपण मरणार हे तिला तिथं कळतं. खोकला आणि हुंदका आवरत नाही, म्हणून ती सापडते.

म्हणजे इथे सोडायला निघालाय तो, तेही गरिबीला भिऊन, आणि सत्य लपवलं जातंय तिच्यापासून. अगदी उलट! ती मग काय करते? माझी अंगठी आणि प्रार्थनेचं पुस्तक बांधून ठेव, गुलाबी टोपी हवी तर आठवण म्हणून तुझ्याकडे राहू दे, असं शांतपणे सांगते. थंडीत एकटं राहणं नको म्हणून दोघं वसंतापर्यंत एकत्र राहायचं ठरवतात. ठरवून, समजून, तारीख लांबवून घेतलेला हा निरोप आहे. पहिल्या अंकातल्या ‘किती गार हा हात’ या गाण्यावर लोक भाळतात ते ठीक, पण माझ्या मते पुच्चिनीनं या निरोपाहून खरं काही लिहिलेलं नाही.

हा फरक मृत्यूपर्यंत जातो. व्हिओलेत्ताचं मरण सगळ्यांना ठाऊक असतं, तिला सर्वांत आधी. बापाचं पश्चात्तापाचं पत्र ती गाऊन नाही, बोलून वाचते आणि ‘आता उशीर झाला’ म्हणते. शेवटी क्षणभर वेदना थांबतात, ती उठून उभी राहते, जगणार म्हणते आणि कोसळते. मिमी मात्र निजल्या निजल्या जाते. आधी एका मित्राच्या लक्षात येतं, मग बाकीच्यांच्या. रोदोल्फोला सर्वांत शेवटी कळतं, तेही मित्रांचे चेहरे पाहून. ज्यानं तिच्यापासून लपवलं, त्याच्यापासून आता खोलीतले सगळे लपवत असतात.

‘दोघींना क्षयच तर झालाय’ हा युक्तिवादही मला पोकळ वाटतो. जर्मन शास्त्रज्ञ कॉखनं क्षयाचा जंतू जगापुढे मांडला १८८२ साली, म्हणजे नेमका या दोन ऑपेरांच्या मधल्या काळात. व्हेर्दीच्या प्रेक्षकांना क्षय कशानं होतो हे ठाऊक नव्हतं, पुच्चिनीच्या काळात ते उघड झालं होतं; रोगाचं नाव एक असलं तरी त्याचा अर्थ एक नव्हता.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘त्राव्हियाता’साठी गायिका मारिया कालासचं १९५८चं लिस्बनमधलं ध्वनिमुद्रण घ्या, आवाज जुनाट आहे, पण बापाशी बोलतानाची तिची व्हिओलेत्ता दुसरीकडे सापडत नाही. ‘बोएम’साठी बीचमच्या संचालनाखालचं १९५६चं, व्हिक्टोरिया दे लोस आंजेलेस आणि ब्यर्लिंग यांनी गायलेलं. आणि ते लावाल तेव्हा थेट तिसऱ्या अंकापासून लावा.