न्यूमोनियाचे कोड: फुफ्फुसाच्या खंडापासून जंतूपर्यंत

एका केसपेपरवर ‘लोबर न्यूमोनिया’ (फुफ्फुसाचा अख्खा खंड घट्ट होणारा प्रकार) लिहिलंय, दुसऱ्यावर ‘उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या खंडात न्यूमोनिया’. जंतू दोन्हीकडे अज्ञात. एक्स-रे सारखेच असले तरी अमेरिकी कोडिंगमध्ये, म्हणजे निदानाला ठरावीक कोड देण्याच्या पद्धतीत, पहिल्याला जे१८.१ मिळतो, दुसऱ्याला जे१८.९ (प्रकार व जंतू न सांगितलेला न्यूमोनिया). खंडाचं नाव लिहिलं म्हणून तो लोबर ठरत नाही. डॉक्टरांनी तसं निदान लिहावं लागतं.

या गुंत्याचं मूळ जुनं आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागोत मृत्यूकारणांची यादी मांडली. तिच्या १९०९ च्या आवृत्तीत ब्राँकोन्यूमोनिया ९१ आणि न्यूमोनिया ९२ होता. वाटणी फुफ्फुसाच्या रूपावर होती: अख्खा खंड घट्ट झालाय, की श्वासनलिकांभोवती ठिकठिकाणी सूज आहे. न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू १८८१ मध्येच सापडला होता, पण प्रत्येक रुग्णाचा जंतू शोधणं तेव्हा शक्य नव्हतं.

याच यादीतून पुढे आयसीडी हे आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आलं. त्याच्या नवव्या आवृत्तीत, आयसीडी-९ मध्ये, जंतूला मान होता: विषाणूंना ४८०, न्यूमोकॉकसला ४८१, इतर जिवाणूंना ४८२, जंतू न कळलेल्याला ४८६. मात्र जंतू न कळलेला लोबर न्यूमोनियाही ४८१ मध्येच टाकला गेला. लोबर म्हणजे बहुधा न्यूमोकॉकस, हा अनुभव त्यामागे होता. १९९० मध्ये मंजूर झालेल्या आयसीडी-१० ने ही गल्लत सोडवली. सिद्ध न्यूमोकॉकसला जे१३, अज्ञात लोबरला जे१८.१. म्हणून ४८१ चे जुने आकडे नुसत्या जे१३ शी लावले, तर आजार घटल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात रुग्ण दुसऱ्या कप्प्यात गेलेले असतात. तुलनेत हीच चूक सर्वांत महागात पडते.

सगळे न्यूमोनिया जे१२ ते जे१८ मध्ये सापडतील असंही नाही. लीजनेला जिवाणूमुळे होणारा लीजनेअर्स आजार ए४८.१ मध्ये आहे, अन्न किंवा उलटी श्वासमार्गात गेल्याने झालेला जे६९.० मध्ये, जन्मजात न्यूमोनिया पी२३ मध्ये. कोविडमुळे झालेल्या न्यूमोनियासाठी अमेरिकेत यू०७.१ आधी लिहून १ जानेवारी २०२१ पासून सोबत जे१२.८२ जोडतात.

थुंकीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) क्लेबसिएला हा जिवाणू आला, एवढ्यावर कोड देणाऱ्या कोडरला जे१५.० लावता येत नाही. तो जंतू घशात नुसता वस्तीलाही असू शकतो. न्यूमोनिया त्याच्यामुळेच झाला, हे डॉक्टरांनी लिहायला हवं. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डिस्चार्ज कार्ड तयार झालं आणि अहवालानंतर कोणी निदान सुधारलं नाही, तर नोंद जे१८.९ वरच राहते.